साडेसहानंतरचं अनोळखी शहर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीच्या कामासाठी नऊ दिवस एका मोठ्या, कधीही न पाहिलेल्या शहरात जायचं आहे. सोबत कोणी नाही. रोज सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा काम, मध्ये एक रविवार मोकळा. मागच्या अशाच दौऱ्यात सगळ्या संध्याकाळी खोलीत टीव्ही बघण्यात गेल्या आणि घरी परतल्यावर "काय काय पाहिलं?" याचं उत्तर देता आलं नाही. या वेळी काय बघावं, कसं फिरावं, एकट्यानं फिरणं सुरक्षित असतं का? आणि शेवटी एक ओळ: तिथले सहकारी रोज संध्याकाळी जेवायला नेतात, त्यांना नाही कसं म्हणायचं?

मी प्रयोगशाळांमधली मोजमापाची यंत्रं बसवते आणि त्यांचं कॅलिब्रेशन करते, म्हणजे ती बरोबर मोजतात ना ते तपासून जुळवते. सतरा वर्षं झाली. एका यंत्रामागे दोन माणसं पाठवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही, त्यामुळे बहुतेक दौरे एकटीनेच केले. तुमचा प्रश्न वाचून मला माझी पहिली तीन-चार वर्षं आठवली. तेव्हा मीही शहरं अशीच पाहिली: विमानतळ, हॉटेल, साइट, हॉटेल, विमानतळ.

"काय बघावं" याची यादी मी देणार नाही. शहराचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि यादी कुठेही मिळते. मागच्या वेळी तुम्ही खोलीत बसलात ते यादी नव्हती म्हणून नाही. मला वाटतं झालं असं असणार: साडेसहाला खोलीवर आलात, बूट काढले, पाच मिनिटं पलंगावर टेकलात. मग बाहेर जायचं तर कुठे, कुठल्या दिशेनं, कशानं, किती वाजेपर्यंत, परत कसं यायचं, हे सगळं दिवसभर दमलेल्या डोक्यानं एकाच वेळी ठरवायची वेळ आली. ते काही ठरलं नाही आणि आठ वाजले. माझ्या अनुभवात नव्या शहरात एकट्या माणसाची खरी अडचण भीती किंवा कंटाळा ही नसते. साडेसहा वाजता करायच्या निर्णयांची गर्दी, ही असते. ती कमी केली की बाकीचं बरंच आपोआप होतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही बाई आहात की बाप्या ते कळवलेलं नाही. त्यानं उत्तर थोडं बदलतं, पुढे सांगेन. ऋतू कुठला यानं फार फरक पडतो. लंडनमध्ये जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच, म्हणजे तेच शहर, तीच सहाची सुट्टी, पण एकदा हातात तीन तासांचा उजेड आणि एकदा गुडुप अंधार. सिंगापूरला बारा महिने सातच्या आगेमागे सूर्यास्त. तिकीट काढल्यावर मी पहिल्यांदा हवामान नव्हे, सूर्यास्ताची वेळ बघते. काम उभ्यानं करायचं आहे की बसून, यानंही फरक पडतो. दिवसभर मीटिंगमध्ये बसलेल्याला चालावंसं वाटतं, आणि माझ्यासारखी आठ तास यंत्राभोवती उभी असलेली बाई बसची खिडकी शोधते.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो हॉटेल कुठे आहे यानं. कंपनी निवडू देत असेल तर विमानतळाजवळचं, हायवेवरचं, औद्योगिक वसाहतीतलं हॉटेल घेऊ नका, खोली कितीही ऐसपैस असली तरी. कामाच्या जागेपासून एकाच मेट्रो किंवा बसमार्गावर, गाडी न बदलता पोचता येईल अशा वस्तीतली लहान खोली घ्या. खाली उतरलं की फूटपाथ, दुकानं, माणसं दिसली पाहिजेत. ज्या हॉटेलातून बाहेर पडायला टॅक्सी बोलवावी लागते तिथून तुम्ही पहिल्या दिवशी बाहेर पडाल, दुसऱ्या दिवशी नाही. कंपनीनं हायवेवरचंच दिलं असेल तर वेगळी युक्ती: कामावरून खोलीवर यायचंच नाही. साइटवरून थेट शहरात उतरायचं आणि खोलीवर फक्त झोपायला जायचं. त्यासाठी सकाळीच हलकी पिशवी आणि चालायचे बूट घेऊन निघावं लागतं. लॅपटॉप साइटवर कुलूपबंद ठेवता येत असेल तर उत्तम.

पहिली संध्याकाळ. तिच्याकडून काहीही अपेक्षा ठेवू नका. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा नुसता मनाचा खेळ नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो, बारीक आवाजालाही लवकर प्रतिसाद देतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्धे पहाऱ्यावरून उठलेले असता. त्यात वेळेचा फरक असेल तर बघायलाच नको. म्हणून पहिल्या दिवशी मी फक्त चाळीस मिनिटं काढते. बॅग टाकायची, तोंड धुवायचं, बूट काढायचे नाहीत. हॉटेलच्या दारातून एका दिशेनं दहा मिनिटं सरळ चालायचं, वळायचं, त्याच रस्त्यानं परत यायचं. मग दारावरून तसंच विरुद्ध दिशेला.

बाळबोध वाटेल, पण यातून तीन गोष्टी मिळतात. साध्या चालीनं दहा मिनिटांत साधारण आठशे मीटर होतात, म्हणजे दीड किलोमीटरचा एक रस्ता तुमच्या ओळखीचा झाला. दुसरं, जाताना आणि येताना तोच रस्ता दोन वेगवेगळे रस्ते असल्यासारखा दिसतो. माणसं परतीला चुकतात ती यामुळेच, त्यांनी परतीचं दृश्य कधी पाहिलेलंच नसतं. मी अजूनही प्रत्येक वळणावर क्षणभर मागे वळून बघते. आणि तिसरं, औषधाचं दुकान, एटीएम, बसथांबा, साडेनऊपर्यंत उघडं राहणारं खाण्याचं ठिकाण हे सगळं याच दीड किलोमीटरमध्ये सापडतं. दुसऱ्या दिवशीचे निम्मे निर्णय तिथेच मिटतात.

यापुढचं माझं म्हणणं काहींना पटत नाही, तरी सांगते. नऊ दिवसांत शहर बघायचा प्रयत्न करू नका. लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या परवान्यासाठी शहराच्या मधोमध असलेल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. ती माणसं नकाशा घेऊन, मोपेडवर बसून, तीन-चार वर्षं हेच काम करतात. तुमच्याकडे आठ संध्याकाळी आहेत. शहराचा एक तुकडा निवडा आणि तो असा ओळखीचा करा की फोन न काढता तिथे फिरता आलं पाहिजे. घरी परतल्यावर "काय पाहिलं" याला जे उत्तर लागतं ते दहा प्रसिद्ध इमारतींच्या फोटोंतून येत नाही. "नदीच्या अलीकडच्या बाजूला एक चढाची गल्ली आहे, तिथे संध्याकाळी..." असं वाक्य सुरू करता आलं की झालं.

तुकडा डोक्यात कसा बसवायचा? मी एका नगररचनाकाराकडून शिकले. केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना आपलं शहर आठवणीतून काढायला, सांगायला लावलं आणि १९६० मध्ये निष्कर्ष मांडले. लोकांच्या डोक्यातलं शहर पाच गोष्टींचं बनलेलं असतं: वाटा, कडा, वेगवेगळ्या तोंडवळ्याचे भाग, जिथे वाटा मिळतात ते नाके, आणि लांबून दिसणाऱ्या खुणा. मला यातली सगळ्यात उपयोगी वाटते ती कड. नदी, समुद्र, रेल्वेचे रूळ, उंच पूल, मोठं उद्यान, जे ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही असं काहीही. पहिल्या दोन दिवसांत तुमच्या तुकड्याच्या दोन कडा शोधा. मग त्यांच्या मधे कुठेही भटका. कड लागली की आपण कुठे आहोत ते कळतं. खुणा मात्र निवडून घ्या. सगळ्यात उंच इमारत ही बऱ्याचदा वाईट खूण असते. ती चारही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे ती दिसते पण आपण तिच्या कुठल्या अंगाला आहोत ते कळत नाही.

नदीबद्दल एक सावधगिरी. नदी फार भरवशाची वाटते आणि तिथेच फसवते, कारण ती वळते. लंडनचा साउथ बँक म्हणजे नावाप्रमाणे दक्षिण तीर, पण वेस्टमिन्स्टरपाशी थेम्स दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे तिथे तो "दक्षिण" तीर प्रत्यक्षात पूर्वेला आहे. मी एकदा नदीच्या कडेनं पाऊण तास "सरळ" चालले आणि निघाले होते त्या पुलापासून दहा मिनिटांच्या अंतरावर पोचले. नदीनं मला अर्धा वळसा घालून आणलं होतं. आपण सरळ चाललोय या भावनेवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या काही संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलात ते गोल फिरले आणि आपलाच रस्ता ओलांडताना त्यांना कळलंही नाही.

सूर्यावरूनच आठवलं. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे, सिडनी किंवा जोहान्सबर्गच्या बाजूला जाणार असाल, तर तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. पुस्तकात वाचलेलं असतं, पण उत्तर गोलार्धात वाढलेल्या माणसाच्या अंगवळणी दुसरंच असतं. सिडनीतले पहिले दोन दिवस माझी प्रत्येक "डावीकडे" उजवीकडे निघत होती. नकाशा बरोबर होता, फोन बरोबर होता, फक्त मी मनातल्या मनात शहर उलटं धरलं होतं. पश्चिम मात्र तिथेही पश्चिमच, तेव्हा संध्याकाळी फिरणाऱ्यानं मावळतीला धरून चालावं.

फोन वापरू नका असं मी म्हणत नाही. फक्त तो कुठे फसतो ते माहीत हवं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रहांचे संदेश फोन थेट घेतो. म्हणून निघण्याआधी त्या शहराचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, परदेशात सिम चालू व्हायच्या आधीही तो चालतो. पण उंच इमारतींच्या दाटीत हे संदेश काचा-भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि निळा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. फोनमधला होकायंत्रही आसपासच्या लोखंडानं बिघडतो. मेट्रोच्या जिन्यातून वर आल्या आल्या फोन जी दिशा दाखवतो ती मी मानत नाही. वीसेक पावलं चालून बघते, ठिपका कुठे सरकतो ते पाहते. चुकलं असेल तर वीस पावलंच परत यावं लागतं.

मेट्रोचा नकाशा ही आणखी एक गंमत. हॅरी बेक या ड्राफ्ट्समननं १९३१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या जोडण्यांच्या आकृतीसारखा काढला: सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा तिरप्या, स्थानकं सारख्या अंतरावर. १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला आणि नंतर जवळपास सगळ्या जगानं तीच रीत उचलली. गाडी कुठे बदलायची हे त्यात झटकन कळतं, पण अंतर अजिबात कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही नकाशावर शेजारची दोन ठसठशीत स्थानकं. प्रत्यक्षात त्यांच्यात पाव किलोमीटरच्या थोडंच पुढे अंतर आहे, जिने उतरून-चढून होईपर्यंत माणूस चालत पोचतो. शहर कुठलंही असो, मेट्रोचा नकाशा आणि खरा नकाशा शेजारी ठेवून एकदा बघाच. आणि फलाटावर गाडीत पाय टाकण्याआधी गाडीच्या कपाळावरचं शेवटच्या स्थानकाचं नाव वाचा. एकाच फलाटावरून जाणारी लाइन पुढे दोन फाट्यांत फुटते, हे मला एका शहरात रात्री पावणेदहाला, अगदी चुकीच्या टोकाला उतरल्यावर कळलं. परतीची गाडी होती म्हणून निभावलं.

घरांच्या क्रमांकांतही शहर स्वतःबद्दल सांगत असतं. हा माझा छंद आहे, कामाचा कमी, पण उपयोग होतो. पॅरिसमध्ये सेन नदीला काटकोनात असलेल्या रस्त्यांवर क्रमांक नदीपासून सुरू होतात आणि नदीला समांतर रस्त्यांवर प्रवाहाच्या दिशेनं वाढतात. दोन दारं बघितली की नदी कुठे ते कळलं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये क्रमांकांचे साधारण वीस रस्ते ओलांडले की एक मैल होतो. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता असतो तो रस्त्यांनी वेढलेल्या तुकड्याचा. तिथे "अमुक रस्त्यानं सरळ जा" असं सांगणंच चालत नाही. तुमच्या शहराची रीत काय आहे ते पहिल्याच दिवशी कुणाला तरी विचारा. लोक खुशीनं सांगतात आणि पत्ता शोधणं निम्मं सोपं होतं.

आता सुरक्षिततेकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

"हा भाग सुरक्षित आहे का?" असं रिसेप्शनवर विचारू नका. उत्तर दोनच येतात: "हो, अगदी", किंवा "टॅक्सीच करा". दोन्हीचा उपयोग नाही. त्याऐवजी रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्याला, शक्यतो बाईला, विचारा: "तुम्ही स्टेशनला कुठल्या रस्त्यानं जाता?" त्या रोज चालतात, त्यांना कुठल्या कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे तेही माहीत असतं. एका ठिकाणी मला नकाशावरचा सात मिनिटांचा रस्ता सोडून अकरा मिनिटांचा सांगितला गेला. दुसऱ्या दिवशी उजेडात दोन्ही पाहिले. सात मिनिटांच्या रस्त्यावर एका बाजूला लांबच लांब भिंत होती, एक दार नाही, एक खिडकी नाही. काही घडलं तर ऐकायला कोणी नाही. तेव्हापासून रस्ता निवडताना मी हेच बघते: तळमजल्यावर उजेड आहे का, उघडी दुकानं आहेत का, म्हातारी माणसं, मुलं, कुत्र्याला फिरवणारे आहेत का.

दुपारची गर्दी रात्रीबद्दल काहीही सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. मोठ्या शहरांतले बँका-कचेऱ्यांचे भाग दिवसा ओसंडून वाहतात आणि सातनंतर ओस पडतात, कारण तिथे राहणारं जवळजवळ कोणी नसतं. लंडनची "सिटी" याचं ठळक उदाहरण. रविवारी तिथे आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. तुमची कामाची जागा अशा भागात असेल तर संध्याकाळ तिथे घालवू नका.

निघण्याआधी परतीचं ठरवायचं. जाण्याचं नंतर ठरवलं तरी चालेल. शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर काय, आणि स्टेशनपासून हॉटेलपर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर कसा आहे. माझ्या मते धोका असलाच तर तो फार करून या शेवटच्या तुकड्यातच असतो, कारण तोवर आपण दमलेलो असतो, फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि "आलंच की" म्हणून लक्ष सुटलेलं असतं. बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की मी परत फिरते, पॉवर बँक असली तरी. हॉटेलचं कार्ड, त्यावर पत्ता तिथल्या लिपीत, कागदावर खिशात. पैसे आणि कार्डं दोन ठिकाणी वाटून. पासपोर्ट लॉकरमध्ये आणि त्याची प्रत जवळ, मात्र काही देशांत मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं सक्तीचं आहे, तिथला नियम आधी बघा. तातडीचा क्रमांक पाठ करा, फोनमध्ये नुसता साठवू नका: युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, इतरत्र जो असेल तो. घरच्या एका माणसाला निघताना आणि परतल्यावर एकेक ओळ पाठवायची. सतरा वर्षं मी हे करते आहे. सुरुवातीला आईसाठी होतं, आता सवय आहे.

नकाशा बघायचा झाला तर फूटपाथच्या मधोमध उभं राहू नका. दुकानात शिरा किंवा भिंतीला पाठ लावा. आणि मदत लागली तर माणूस आपण निवडायचा. स्वतःहून जवळ येऊन "कुठून आलात, चला मी दाखवतो" म्हणणारा दहातून नऊ वेळा सज्जनच असेल, पण तो दहावा कोणता हे ओळखण्याचा माझ्याकडे उपाय नाही. हसून "कोणी वाट बघतंय" म्हणते आणि चालू लागते. त्यात खोटेपणा असेल तर असो.

बाई म्हणून यात वेगळं काय? नियम तेच, मर्यादा जरा अलीकडे. माझ्या एका पुरुष सहकाऱ्याची परतीची वेळ अकरा, माझी साडेनऊ. त्याला ज्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही तिथे मला नजरा जाणवतात. चिडून उपयोग नाही, मी माझा फिरण्याचा वेळ सकाळी हलवला. साडेपाच-सहाला उठून कामाआधीचा एक तास. ओळखीच्या दीड किलोमीटरमधली सकाळ तर मला आता संध्याकाळपेक्षाही आवडते: दुकानांची शटरं वर जात असतात, माल उतरत असतो, शाळेची मुलं असतात, आणि कोणालाही तुमच्याकडे बघायला फुरसत नसते. पुरुष असाल तरी हे करून बघा. पूर्वेकडे प्रवास करून गेलात तर पहाटे उठणं जड जाईल, पश्चिमेकडे गेलात तर तसेही चारला जागे व्हाल.

आठवड्याचा बेत मी असा करते. एक संध्याकाळ बाहेर, एक संध्याकाळ आराम. आरामाच्या दिवशी खोलीत बसल्याचा अपराधी भाव अजिबात नको. रोज निघायचं ठरवणारा तिसऱ्या दिवशी सगळंच सोडतो. बाहेरच्या संध्याकाळी एकच ठिकाण, आणि ते सकाळी ठरवलेलं. संग्रहालयं पाहायची असतील तर आधी वार बघा. जगातली बरीचशी सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. पण पुष्कळ मोठी संग्रहालयं आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि कामाला आलेल्या माणसासाठी तीच खरी वेळ, गर्दी ओसरलेली असते. अशी एखादी रात्र सापडली तर बाकीचा आठवडा तिच्याभोवती लावा.

एका ठिकाणी मात्र दोनदा-तीनदा जा. चौकातला एखादा बाक, एखादं लहानसं खाण्याचं ठिकाण, काहीही. तिसऱ्या वेळी वाढणारा माणूस मान हलवतो. एवढ्यानं शहर बदलतं, खरंच. एकट्यानं जेवायला बसायचा संकोच असेल तर त्यावरही हाच इलाज आहे. शिवाय गर्दीच्या वेळेआधी, साडेसहा-सातला जा, खिडकीकडे तोंड करून बसा, फोन पिशवीत ठेवा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं अवघड जातात.

रविवारसाठी एकच सल्ला, पण पक्का. सकाळी लवकर निघून सगळ्यात लांबच्या ठिकाणी आधी वाहनानं पोचा आणि मग दिवसभर हॉटेलच्या दिशेनं येत राहा. उलटं केलं, म्हणजे हॉटेलपासून चालत लांब लांब गेलात, तर सगळ्यात जास्त दमाल तेव्हा सगळ्यात लांब असाल. जाताना शक्यतो जमिनीवरची बस किंवा ट्राम घ्या. भुयारी रेल्वे वेगवान असते, पण तिच्यातून शहर म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेली काही भोकं वाटतात. बसच्या खिडकीतून ती भोकं जोडली जातात. गाइडसह अर्ध्या दिवसाची सहल घ्यायची असेल तर तीही रविवारीच घ्या, पहिल्या दिवशी नको. चार-पाच दिवस स्वतः फिरून झाले की गाइडला विचारायला प्रश्न असतात. रविवार जोडून तुम्ही एखादा दिवस स्वतःचा वाढवणार असाल तर कंपनीचा प्रवासविमा त्या दिवसाला लागू आहे का, ते लेखी विचारून घ्या. बऱ्याच जणांना हे अडचण आल्यावरच कळतं.

राहिले सहकारी. रोज नाही म्हणू नका आणि रोज होही म्हणू नका. पहिल्याच दिवशी, कोणी बोलावण्याआधी, आपणच सांगून टाकायचं: "दोन दिवस तुमच्याबरोबर जेवायला नक्की, हवे ते वार तुम्ही ठरवा. बाकीच्या संध्याकाळी मी जरा पायी भटकणार आहे." कोणालाही वाईट वाटत नाही. उलट पाहुण्याला रोज सांभाळायचं ओझं उतरलं म्हणून बहुतेकांना हायसंच वाटतं, त्यांनाही घर असतं. आणि त्या दोन जेवणांत "मी काय बघू?" असं विचारू नका, प्रसिद्ध ठिकाणांची तीच यादी मिळेल. "तुम्ही सुट्टीच्या दिवशी सकाळी कुठे जाता?" असं विचारा. मागच्या दौऱ्यात यावर एका लॅब टेक्निशियननं, जो तोवर दिवसभर हो-नाहीच्या पलीकडे बोलला नव्हता, माझ्या कॅलिब्रेशन शीटच्या मागे पेन्सिलनं एका टेकडीचा रस्ता काढून दिला. त्यात बसचा क्रमांक होता, कुठल्या बाजूला बसायचं ते होतं, आणि वर पोचल्यावर कुठल्या बाकावर ऊन येत नाही तेही होतं.